गाडीभर शेणखत, पोतेभर युरिया: उचगाव परिसरातील मक्याच्या खताचा इतिहास

मक्याच्या रानात आधी शेणखत विस्कटायचे आणि पेरताना पोत्यातले खत बियाण्याजवळ पाडायचे, ही जोडी करवीर तालुक्यात इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिचे वय शंभर वर्षांच्या आगेमागे आहे. तिची सुरुवात मक्यात झाली नाही. उसाच्या फडात ती घडली, सहकारी संघांच्या गोदामांतून गावोगाव पोचली, आणि दुधाच्या धंद्याने मक्याला वैरणीचे मुख्य पीक केल्यावर मक्याच्या रानात स्थिरावली. कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, हुपरीच्या रस्त्यावर वसलेल्या उचगावासारख्या गावांच्या शिवारात हे तिन्ही टप्पे ओळखता येतात. एका अंगाला शहर आणि त्यातले म्हशींचे गोठे, दुसऱ्या अंगाला पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कसबा बावड्याचा साखर कारखाना फार लांब नाही आणि १८९१ मध्ये मिरजेहून आलेली रेल्वे जवळून जाणारी, अशी या गावाची जागा आहे.

पोते येण्यापूर्वी खत म्हणजे उकिरडा. गोठ्यातले शेण, बैलांनी तुडवलेली धाटे, चुलीतली राख, घरातला केर असे सारे रोज सकाळी पाटीने उकिरड्यावर पडे. वर्षभर साठलेले हे खत उन्हाळ्यात उपसून बैलगाडीने रानात नेत, ओळीने ढीग घालत आणि मृगाच्या आधी ते विस्कटून कुळवाने मातीत मिसळत. मोजमाप गाडीचेच असे. आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने खत येते तरी जुनी माणसे अजून ‘एकरी इतक्या गाड्या’ असेच बोलतात. दिवाळीत उकिरड्यावर पणती लावण्याची आणि पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव मांडण्याची रीत पाहिली, म्हणजे या ढिगाला घरच्या लक्ष्मीत जागा होती हे कळते.

या खतात एक मोठी गळती होती, आणि पुढचा सगळा इतिहास समजायला ती ध्यानात घ्यावी लागते. जनावराच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा जवळजवळ निम्मा भाग आणि पालाशाचा बहुतेक भाग मूत्रात असतो. मातीच्या गोठ्यात हे मूत्र जागच्या जागी जिरून जाई. उरलेले शेण उघड्या उकिरड्यावर ऊन खाई, पावसाळ्यात त्यातला कस धुपून ओढ्याला मिळे. त्यामुळे रानात पोचणाऱ्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राही. दहा टन खतातून पन्नास किलो नत्र मिळते, आणि त्यातलेही पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी लागते ते निम्म्याहून कमी. जे शेतकरी गोठ्यात रोज कोरडी माती किंवा पालापाचोळा पसरून ती भिजलेली माती खतात टाकत, त्यांचे खत जोरकस निघे. हे शास्त्र कुणी शिकवण्याआधीही काही घरांत पाळले जात होते.

मूत्र वाया न घालवणारी दुसरी पद्धत धनगरांची. सुगी झाल्यावर रानात बकरी बसवणे हा कोल्हापूर-कागल भागातला जुना रिवाज आहे. इकडे मेंढरांनाही सरसकट बकरीच म्हणतात. संध्याकाळी रानात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभे राही आणि कळप रात्रभर त्यात बसे. दुसऱ्या रात्री वाघर थोडी पुढे सरके. असे करत करत सगळे रान खतावले जाई आणि मालक त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देई. लेंड्या आणि मूत्र दोन्ही जिथे हवे तिथेच पडे, वाहतुकीचा खर्च शून्य, आणि लगेच नांगरट केली तर गळतीही थोडी. कमी श्रमात इतके चांगले खत देणारी व्यवस्था नंतर क्वचितच कुणाला साधली.

शेणाला चुलीचीही ओढ होती. कोल्हापूरकडे गोवऱ्यांना शेणी म्हणतात, आणि शेणी थापणे हा बायकांच्या रोजच्या कामाचा भाग होता. ब्रिटिश सरकारने शेतीच्या पाहणीसाठी बोलावलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानभर फिरले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात या प्रश्नाची नीट मांडणी आहे. शेतकरी अडाणीपणाने शेण जाळतो हा साहेबी समज त्यांनी मान्य केला नाही. जिथे सरपण मिळते तिथे तो शेण रानात घालतो, म्हणून आधी सरपणाची सोय करा, असा त्यांचा आग्रह होता. कोल्हापुरात शेणींचे महत्त्व अजून ओसरलेले नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कारासाठी शेणी वापरल्या जातात आणि होळी लहान करून शेणी दान करण्याच्या आवाहनाला शहर व आजूबाजूची गावे दरवर्षी प्रतिसाद देतात. रानाच्या हिशेबात मात्र ते शेण वजाच धरावे लागते.

जोपर्यंत ज्वारी, भुईमूग आणि कडधान्ये ही मुख्य पिके होती तोपर्यंत उकिरडा पुरत होता. उसाने हा मेळ मोडला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे काम त्यांच्याच काळात सुरू झाले, जरी ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडली. नदीवर ठिकठिकाणी ‘कोल्हापूर पद्धतीचे’ बंधारे झाले, १९३२ मध्ये कसबा बावड्यात साखर कारखाना उभा राहिला, आणि बारमाही पाण्यावर ऊस पसरत गेला. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो आणि जमिनीतून जबर ओढ घेतो. त्याची भूक भागवण्याइतके शेण कुठल्याच गावात नव्हते.

पहिला उपाय पेंडीचा. भुईमूग, करंज, एरंड यांच्या पेंडीत शेणखताच्या कितीतरी पट नत्र असते, म्हणून लागणीच्या आणि भरणीच्या वेळी उसाला पेंड देण्याची चाल पडली. पुण्याजवळ नगरपालिकेचे सोनखतही उसाला जाई आणि त्याला चांगली मागणी असे. मांजरीच्या सरकारी प्रक्षेत्रावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उसाच्या खतांचे प्रयोग सुरू होते. तिथे जे. बी. नाइट यांनी बसवलेल्या पद्धतीत बेणे कमी, पाणी कमी आणि खत मात्र हप्त्याहप्त्याने, हे सूत्र होते, आणि त्यात पेंडीच्या जोडीला अमोनियम सल्फेट आले. दगडी कोळशापासून गॅस आणि कोक तयार करताना निघणारे हे पांढरे मीठ विलायतेतून येई. त्यात सुमारे वीस टक्के नत्र, आणि तेही पाण्याबरोबर लगेच मुळाशी पोचणारे. १९३२ मध्ये सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने पुढे हीच वाट पक्की केली: भरीला शेणखत, मधल्या टप्प्याला पेंड, आणि वाढीच्या ऐन भरात अमोनियम सल्फेट.

दोन्ही खते एकत्र वापरण्याची कल्पना इथे आकाराला आली, आणि ती काटकसरीतून आली. शेणखत कमी, पेंड महाग, आणि नुसत्या सल्फेटवर ऊस वाढवला तर जमीन घट्ट होते व गूळ बिघडतो, हा अनुभव होता. जास्त आणि उशिरा दिलेल्या नत्राने उसाच्या रसातले नत्राचे पदार्थ वाढतात, गुळाचा रंग काळवंडतो आणि ढेप लवकर पाझरते. कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा भाव रंगावर आणि टिकाऊपणावर ठरतो, त्यामुळे खताचा अतिरेक अडत्याच्या दुकानात लगेच उघडा पडे. रासायनिक खताला आवर घालणारा असा रोकडा धाक दुसऱ्या कुठल्या पिकाला क्वचितच मिळाला असेल.

बाहेरच्या जगात शेणखत की रासायनिक खत हा वाद त्याआधीपासून पेटलेला होता. जर्मनीत लीबिग यांनी १८४० मध्ये पिकाचे अन्न म्हणजे खनिजे असा सिद्धान्त मांडला. इंग्लंडमध्ये लॉझ यांनी १८४२ मध्ये सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले आणि १८४३ पासून रोथॅमस्टेडला एका बाजूला शेणखत व दुसऱ्या बाजूला रासायनिक खते देऊन गहू पेरायला सुरुवात केली. ते प्रयोग अजून चालू आहेत. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे हवेतल्या नत्रापासून अमोनिया तयार होऊ लागला. उलट बाजूने अल्बर्ट हॉवर्ड उभे राहिले. १९२४ पासून इंदूरला काम करताना त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, आणि १९३१ मध्ये त्यावरचे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले. काडीकचरा, शेण, मूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून ते ठरावीक वेळी उलथवायचे, ही पद्धत म्हणजे उकिरड्याची गळती थांबवण्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. हॉवर्ड पुढे रासायनिक खतांचे कट्टर विरोधक झाले आणि त्यांचे नाव त्या विरोधासाठीच घेतले जाते. वाड यांचे नाव महाराष्ट्रातही फारसे कुणी घेत नाही, याची खंत वाटायला हवी. कंपोस्टचा खड्डा मात्र कृषी खात्याने उचलला, आणि शेतकऱ्यांनी त्याच खड्ड्यातल्या खताबरोबर पोत्यातले खतही बिनदिक्कत वापरले.

पोते गावात आणले सहकाराने. तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये कोल्हापुरात शेतकरी सहकारी संघ स्थापन झाला. संघाचे बैलाचे चिन्ह आणि ‘बैल छाप’ मिश्र खत जिल्ह्याच्या घराघरांत ठाऊक झाले. मिश्र खतात नत्र, स्फुरद आणि पालाश एकाच पोत्यात मिळत, त्यामुळे तीन वेगळी खते घेऊन प्रमाण जुळवण्याची कटकट वाचली. १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना अमोनियम सल्फेट काढू लागला. १९६५ च्या सुमारास तुर्भ्याच्या कारखान्यातून सुफला आले. पंधरा-पंधरा-पंधरा हा आकडा शेतकऱ्यांच्या तोंडी बसला तो तेव्हापासून. विकास सोसायटीकडून ऊसकर्जात खत मिळे, कारखाना बिलातून ते वसूल करी, आणि उसासाठी उचललेल्या पोत्यांतले थोडे खत बाकीच्या रानालाही पडे. मक्याला रासायनिक खताची पहिली ओळख झाली ती अशी, उसाच्या उष्ट्यावर.

मका हे पीक मूळचे अमेरिकेचे, पोर्तुगीज काळात इकडे आलेले. कोल्हापूर भागात ते बराच काळ परसातले आणि बांधावरचे राहिले: पावसाळ्यात भाजायला कणसे, आणि उरलेली धाटे जनावरांना. धान्य म्हणून ज्वारीचा मान त्याला कधी मिळाला नाही. देशात १९५७ मध्ये मक्याची समन्वित संशोधन योजना सुरू झाली, एका पिकासाठी आखलेली अशी ही पहिलीच योजना. १९६१ मध्ये ‘गंगा’, ‘रणजित’, ‘डेक्कन’ ही संकरित बियाणी आली. कोल्हापुरात १९६३ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले, आणि पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली इथले केंद्र मक्याच्या त्या योजनेतले एक केंद्र बनले. संकरित मका खादाड असतो. गावठी मक्याला जे शेणखत पुरे, त्यावर संकरित मका पिवळा पडतो. महाराष्ट्रात त्यासाठी हेक्टरी दहा ते बारा टन शेणखत आणि त्याशिवाय १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी शिफारस रूढ झाली. स्फुरद-पालाश पेरणीला एकदम द्यायचे, नत्राचे तीन हप्ते करायचे: पहिला पेरणीला, दुसरा महिनाभराने, तिसरा तुरा येण्याच्या बेताला.

ही शिफारस खरीप आणि रब्बी दोन्ही हंगामांना लागू असली तरी तिचे मर्म रब्बीत कळते. रब्बी मका ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरतात. डिसेंबर-जानेवारीत या भागातल्या रात्री पंधरा अंशांच्या आसपास उतरतात, पहाटे पंचगंगेकाठी धुके असते आणि पाणी पाजलेले काळे रान सकाळी बराच वेळ गार राहते. शेणखतातले नत्र पिकाला मिळते ते जिवाणूंनी कुजवल्यावर. जमीन गार झाली की जिवाणूंचे काम मंदावते. दहा अंशांच्या फरकाने ते साधारण निम्म्यावर येते. म्हणून नुसत्या शेणखतावर पेरलेला रब्बी मका सुरुवातीला अडून बसतो आणि फेब्रुवारीत ऊन तापल्यावर एकदम हिरवा होतो, पण तोवर कणसाचा आकार ठरण्याची वेळ निघून गेलेली असते.

स्फुरदाची गोष्ट याहून नाजूक आहे. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही, मुळाला त्याच्यापर्यंत जावे लागते. थंडीत मूळ आखडते, आणि जमिनीत स्फुरद असूनही रोपाला ते मिळत नाही. मग तीन-चार पानांवरच्या मक्याच्या पानांच्या कडा जांभळट होतात. पानात तयार झालेली साखर वाढीला वापरली जात नाही, ती साठते, आणि तिच्यापासून हा रंग उतरतो. त्यावर उपाय म्हणजे खत बियाण्याच्या जवळ, पण बियाण्याला न चिकटवता देणे. कुरीने पेरताना खताचे नळे बियाण्याच्या नळ्यांपासून जरा बाजूला आणि खोल ठेवायचे. टोकणणी करताना बियाण्याच्या खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा घेऊन त्यात चिमूटभर मिश्र खत घालायचे आणि माती ओढायची. अंतर चार बोटांचे. त्याहून जवळ गेले तर खताच्या क्षाराने कोंब करपतो, लांब गेले तर मूळ पोचेपर्यंत पंधरवडा जातो. गार देशांतही हेच केले जाते. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत वसंतात थंड मातीत मका पेरताना बियाण्याच्या दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली थोडे खत पाडतात. नेदरलँड्स-डेन्मार्ककडे गोठ्यातली स्लरी आधी रानात जाते आणि पेरताना स्फुरद ओळीत. तिथे मुळात मका गाईंसाठीच पेरतात, त्यामुळे कोल्हापूरच्या दूधवाल्या शेतकऱ्याला ती शेती परकी वाटू नये.

कारण कोल्हापुरातही मक्याचा खरा पसारा दुधाने वाढवला. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, स्थापन झाला. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देण्याची जुनी पद्धत शहरात होतीच; आता गावागावांत डेअरीचे केंद्र आणि दर दहा दिवसांचे बिल आले. चरायला जाणारी जनावरे गोठ्यात बांधली गेली, आणि बांधलेल्या म्हशीला रोज हिरवी वैरण लागते. उसाच्या वाड्यावर तिचे भागते ते हंगामातच. बाकीच्या महिन्यांत मक्याला पर्याय नाही. ‘आफ्रिकन टॉल’ हा उंच वैरणीचा वाण त्यामुळेच इतका पसरला. नंतर मुरघासाचे खड्डे आणि पिशव्या आल्या, आणि कणसासकट उभा मका कापून साठवणे सुरू झाले.

खताच्या हिशेबात याने मोठा पालट केला. दाण्यासाठी मका घेतला तर पालाशाचा मोठा भाग धाटात राहतो आणि धाट रानात कुजले तर तो परत मिळतो. मुरघासासाठी सगळे झाड उचलले जाते आणि पालाश त्याबरोबर निघून जातो. तो परत आणण्याचा स्वस्त मार्ग गोठ्यातून आहे, आणि नेमका म्हशीच्या मूत्रातून. फरशीचा गोठा, मागे नाली आणि नालीच्या टोकाला खड्डा, एवढी सोय ज्याच्याकडे आहे तो मक्याचा पालाश बराचसा घरच्या घरी फिरवतो. गोबर गॅसच्या प्रसारात कोल्हापूर जिल्हा पुढे राहिला याचाही इथे लाभ झाला. गॅस चुलीला मिळाला, त्यामुळे शेणी जाळण्याची गरज घटली, आणि गॅस निघाल्यावर उरलेली पातळ स्लरी नत्र फारसे न गमावता रानात गेली. व्होल्कर यांनी सरपणाची सोय करा म्हटले होते. ती अखेर गोठ्यातूनच झाली.

इतके सगळे जुळत असताना तोल बिघडवला तो किमतींनी. १९७७ पासून खतांना ठरलेल्या दराचे संरक्षण मिळाले आणि सगळीच खते परवडू लागली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशावरचे नियंत्रण उठले, त्यांचे भाव चढले, युरिया मात्र स्वस्त राहिला. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्याबाहेर ठेवला गेला. परिणाम रानात दिसतो: मक्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्याला युरियाची मूठ सढळ पडते, पेरणीचे स्फुरद-पालाश मात्र आखडते. पूर्वी पन्नास आणि २०१८ पासून पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे एकवीस किलो नत्र असते, म्हणजे चार-पाच टन शेणखताइतके. कागदावर हे दोन्ही सारखे दिसतात. पण शेणखतातून नत्राबरोबर जस्त, गंधक, सेंद्रिय कर्ब आणि पाणी धरून ठेवणारी भुसभुशीत माती मिळते, युरियातून यातले काहीच मिळत नाही. खाली शिरोळ तालुक्यात अति पाणी आणि अति खत यांच्या जोडीने क्षारपड झालेल्या जमिनी हा त्याचा सर्वांत कडू दाखला आहे.

दोन्ही खतांच्या जोडीबद्दल शास्त्राचा कौल आता निःसंदिग्ध आहे. १९७० मध्ये देशात दीर्घकालीन खत प्रयोगांची योजना सुरू झाली. महाराष्ट्रात अकोल्याला १९८८ पासून ज्वारी-गव्हावर तो प्रयोग चालू आहे. वर्षानुवर्षे नुसते नत्र दिलेल्या तुकड्यांचे उत्पन्न ढासळत गेले, संतुलित रासायनिक खतांचे टिकले, आणि संतुलित खताला शेणखताची जोड दिलेल्या तुकड्यांचे उत्पन्न व जमिनीचा कर्ब दोन्ही वर राहिले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या मॉरो प्लॉट्सवर १८७६ पासून मका घेतला जातो. तिथेही खताविना सतत मका घेतलेली जमीन सर्वांत आधी खचली. सेंद्रिय की रासायनिक असा सवाल टाकून जे दोन तट पडले आहेत, त्यांतल्या कुणालाच हे प्रयोग पूर्ण दुजोरा देत नाहीत.

उचगावाच्या शिवारात आज अडचण वेगळीच आहे. महामार्ग, गांधीनगरची बाजारपेठ आणि वाढते शहर यांनी रानांचे प्लॉट झाले, आणि उरलेल्या रानांच्या मालकांकडे बैल राहिले नाहीत. ज्याच्याकडे म्हशी आहेत त्याच्याकडे शेणखत आहे. बाकीच्यांना ट्रॉलीचे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे शेणखताच्या जागी कारखान्याच्या प्रेसमडचे कंपोस्ट आणि कोंबडखत येत आहे. कोंबडखत शेणखताहून बरेच तिखट असते, त्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही जास्त. ते ओले असताना मक्याच्या ओळीत पडले तर उगवण मार खाते, म्हणून पेरणीआधी तीन-चार आठवडे ते मातीत मिसळतात आणि पहिल्या हप्त्यातला युरिया तेवढा कमी करतात. प्रेसमडमध्ये स्फुरद आणि चुना अधिक असल्याने ते दिलेल्या रानात सुपर फॉस्फेटचे प्रमाण उतरवावे लागते. शेणखत दिलेल्या रानात पालाशाची मात्रा माती तपासून ठरवणे, आणि रब्बी मक्यात पेरणीचे स्फुरद कुठल्याही कारणाने न टाळणे, एवढे दोन नियम या भागातले जाणते शेतकरी कटाक्षाने पाळतात.